फॉरमॅट नंतर, आधी लायसन्स सरेंडर: जुन्या कॉम्प्युटरच्या अपग्रेडची तयारी

एप्रिल २०१९मध्ये, देवगडातून आमच्या आंब्याच्या पेट्या रोज वाशीला जात असताना, मी पडवीतल्या ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. विंडोज ७ काढून १० टाकायचं होतं. ७ची मुदत १४ जानेवारी २०२०ला संपणार होती, म्हणजे हातात नऊ महिने होते, तरी घाई केली. विंडोज नीट बसलं. मग हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकलं, तर ते लायसन्स घेईना. त्याच्या लेखी लायसन्स अजून जुन्याच मशीनवर चालू होतं. रीसेट करायला ओटीपी हवा, ओटीपी जाणार नोंदवलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या आमच्या दिवाणजींचा. काका दारातून विचारतायत, "गाडी उभी आसा, बिल खंय?" आठ दिवस बिलं हातानं लिहिली. दलालांच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचा, ढीग झाला, आणि त्या मागाहून चढवताना दोन पट्ट्या सापडल्याच नाहीत.

म्हणून पहिलं काम हेच. ज्या ज्या सॉफ्टवेअरला पैसे मोजलेत, ते उघडा, लायसन्सच्या पानावर जा आणि 'सरेंडर' किंवा 'डीअ‍ॅक्टिव्हेट' असं जे काही लिहिलं असेल ते करा, म्हणजे लायसन्स त्या मशीनवरून सुटतं. हे जुन्या विंडोजवर, इंटरनेट चालू असताना करायचं असतं. फॉरमॅट झाल्यावर ते बटणच उरत नाही. त्याच्या आधी, कुठला ईमेल आणि कुठला मोबाइल नंबर नोंदवलाय ते पाहा, आणि तो माणूस आज तुमच्याकडे आहे का ते पाहा. नसेल तर आजच बदला. बदल पक्का व्हायला कधी कधी दिवस जातात.

"मी फॉरमॅट करणार नाही, वरच्या वर अपग्रेड करणार" असं म्हणाल. तशा अपग्रेडमध्ये लायसन्स बहुतेक वेळा टिकतं. पण अपग्रेड मध्येच अडकलं तर शेवटी फॉरमॅटच होतो, आणि तेव्हा सरेंडर करायला काही चालू नसतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणार असाल तरी तेच. बरीच सॉफ्टवेअर डिस्कच्या खुणेवरूनही मशीन ओळखतात. तेव्हा सरेंडर कराच.

आता विंडोजचं स्वतःचं लायसन्स. आपण विंडोज विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी घेतो, आणि ती परवानगी कशाला बांधलेली आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. मशीनबरोबर आलेलं ते ओईएम. ते मदरबोर्डला बांधलेलं असतं. वीज पडून बोर्ड गेला, आणि आपल्याकडे पावसाच्या तोंडावर तो जातोच, तर लायसन्सही गेलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. वेगळं डब्यात घेतलेलं ते रिटेल. ते पहिल्या मशीनवरून काढून दुसरीवर नेता येतं. तिसरं व्हॉल्यूम, कंपन्या आणि संस्थांसाठी. दुकानदारानं घरच्या मशीनवर व्हॉल्यूमची की (विंडोज चालू करायचा अक्षरं-आकड्यांचा कोड) टाकून दिली असेल तर ते लायसन्स तुमचं नाही. त्यातलं केएमएस पद्धतीचं अ‍ॅक्टिव्हेशन तर १८० दिवसांपुरतंच असतं, मधे मधे संस्थेच्या सर्व्हरकडून नवं व्हावं लागतं.

कुठलं आहे ते पाहायला कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि डीएलआय, हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात दिसतं. एक सावधगिरी: ७ वरून १० वर फुकट चढवलेल्या मशीनवर तिथे रिटेल दिसतं, त्यावर जाऊ नका. मूळ लायसन्स मशीनबरोबर आलं असेल तर ते अजूनही मशीनचंच.

आवृत्तीही लिहून घ्या. लॅपटॉपवर बहुधा होम सिंगल लँग्वेज असतं. त्यावर कुणी प्रो टाकून दिलं तर ते होमच्या लायसन्सवर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूला ७ची की असलेलं स्टिकर असतं, आपल्या दमट हवेत त्याची अक्षरं उडतात. फोटो काढून ठेवा, पण त्या कीवर आता १० किंवा ११ चालू होईल असं धरून बसू नका. ती वाट मायक्रोसॉफ्टनं २०२३च्या सप्टेंबरात बंद केली.

काही शे रुपयांत मिळणाऱ्या की घेऊ नका. क्रॅक तर नाहीच. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३ब प्रमाणे सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितलाय. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण आपण बिलं काढतो, म्हणजे धंदाच. उलट रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची जपणुकीसाठी एक प्रत करून ठेवायला तोच कायदा परवानगी देतो.

मशीनला नवं विंडोज झेपेल का, हे नंतर नाही, आधी बघा. १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. ११ला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा सहाव्या पिढीचा, त्यामुळे बसत नाही. अट चुकवून टाकायच्या युक्त्या फिरतायत, पण ज्या मशीनवर धंद्याचा हिशेब आहे तिथे मी त्या करणार नाही. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम छान चालते, तिला की लागत नाही, पैसेही लागत नाहीत. लिनक्सच्या गाभ्याचं जीपीएल लायसन्स सांगतं की वापरा, वाटा, बदला, पण बदललेलं वाटलंत तर सोर्सही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोडही, द्या. फक्त तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते आधी विचारा. डॉसवरचा जुना प्रोग्राम असेल तर तो ६४ बिट विंडोजवरसुद्धा चालत नाही.

बॅकअप, अर्थातच. दोन ठिकाणी, आणि एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघून. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वेगळे कॉपी करा, नाहीतर जुनी पत्रं उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. फॉन्टलाही लायसन्स असतं, ते कुठल्या मशीनवर आहे तेही बघा. आणि ते सरेंडर होणारं असेल तर करा. डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर.

वेळ: दिवाळीनंतर, मोहोर यायच्या आधी. पावसात नको, वीज जाते. पेट्या सुरू झाल्यावर तर हातच लावायचा नाही. यूपीएस लावूनच बसा. इन्स्टॉलेशनची फाइल पाच जीबीच्या वर असते, गावात रेंज धड नसेल तर कणकवलीला जाऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून आणा.

बसायच्या आधी परत: लायसन्स सरेंडर केलं का? ईमेल तुमच्या हातात आहे का? मग करा.

पुढचं भराभर. ड्रायव्हर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा आधी, तोच सापडत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा. अपडेट. मग लायसन्स परत चालू, आणि एक खरं बिल छापून बघा. वरच्या वर अपग्रेड असेल तर दहा दिवसांत मागे जाता येतं, तोवर विंडोज डॉट ओल्ड हे जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका. एसएसडी टाकली असेल तर जुनी डिस्क सीझन संपेपर्यंत कपाटात.