डिस्क बदलली आणि विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणतंय? या चुका टाळा

जुनी हार्ड डिस्क काढली, नवी एसएसडी बसवली, विंडोज टाकलं, मशीन झपाझप चालायला लागलं. आणि मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, फिकट करड्या अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं, म्हणजे तुमचं विंडोजचं लायसन्स (वापराचा परवाना) अस्सल आहे याची खात्री मायक्रोसॉफ्टकडे अजून झालेली नाही. इथून पुढे माणसं घाबरून जे काही करतात, त्यानेच जास्त नुकसान होतं. माझ्याकडे अशी मशीन्स सारखी येतात आणि दर वेळी मी आधी एकच गोष्ट सांगतो: तुमचं लायसन्स त्या डिस्कमध्ये नव्हतंच, त्यामुळे डिस्कबरोबर ते गेलेलं नाही.

ही भीती जुनी आहे आणि एके काळी तिला थोडा आधारही होता. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये ॲक्टिव्हेशनसाठी मशीनच्या दहा गोष्टींची नोंद व्हायची. त्यांत हार्ड डिस्क होती आणि त्या डिस्कवरच्या व्हॉल्यूमचा (म्हणजे फॉरमॅट केलेल्या भागाचा) सिरियल नंबरही होता. म्हणजे डिस्क बदलली की दहांतल्या दोन गोष्टी एकदम बदलायच्या. विंडोज १० आणि ११ मध्ये तसं नाही. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक कंपनी-मेड लॅपटॉपमध्ये प्रॉडक्ट-की, म्हणजे लायसन्सचा २५ अक्षरांचा कोड, मदरबोर्डवरच्या (मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) फर्मवेअर चिपमध्येच लिहिलेली असते. बाकीच्यांसाठी डिजिटल लायसन्स असतं. तुमच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते आणि त्या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला असतं. मदरबोर्ड तोच, तर नव्या डिस्कवर विंडोज टाकून नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट व्हायला हवं. होत नसेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि ते तुमच्याच हातात असतं.

पहिल्याच दिवशी नवी की विकत घेऊ नका

ॲक्टिव्हेट न झालेलं विंडोज बंद पडत नाही. फाइल्स सुरक्षित राहतात, प्रोग्राम चालतात. वॉलपेपर, रंग वगैरे बदलायची सोय तेवढी अडते. तेव्हा शांतपणे शोध घ्यायला भरपूर वेळ आहे. आणि बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात मिळणाऱ्या की तर घेऊच नका. त्या बऱ्याचदा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (अनेक मशीन्ससाठी एकत्र घेतलेल्या लायसन्समधून) काढलेल्या असतात. आज चालतात, उद्या ब्लॉक होतात. ‘सी००३’ वर संपणारा एरर कोड ब्लॉक झालेल्या कीवर दिसतो आणि ‘सी००८’ वर संपणारा, तीच की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरली गेली असेल तर.

एडिशन तेच टाका. अगदी तेच.

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथे येऊन थांबतात. डिजिटल लायसन्स ‘विंडोज’चं नसतं, ते विंडोजच्या एका ठरावीक एडिशनचं, म्हणजे होम किंवा प्रो अशा प्रकाराचं असतं. होमचं लायसन्स असलेल्या मशीनवर तुम्ही प्रो टाकलं, तर सर्व्हर म्हणणार, या मशीनसाठी माझ्याकडे प्रोची नोंद नाही. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. की नसताना प्रोवर गेलेल्या मशीनला साधारणपणे ‘ए०६७’ वर संपणारा कोड येतो. की एका एडिशनची आणि विंडोज दुसरं असेल तर ‘एफ०३४’ वर संपणारा.

यात एक फसवी जागा आहे ती ‘होम सिंगल लँग्वेज’ची. कंपनीने विंडोज घालून विकलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये हेच एडिशन असतं. दिसायला ते होमसारखंच, मेनू तेच, फरक इतकाच की त्यात दुसरी डिस्प्ले भाषा घालता येत नाही. पण लायसन्सच्या दृष्टीने होम आणि होम सिंगल लँग्वेज ही दोन वेगळी एडिशन्स आहेत. कुणी तरी मित्राने दिलेल्या पेन ड्राइव्हमधून साधं होम टाकलं जातं, आणि ‘माझंही होमच होतं की!’ म्हणून माणूस तासन्तास डोकं धरून बसतो.

म्हणून डिस्क काढण्याआधी, ती अजून चालत असेल तर, दोन मिनिटं द्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि एडिशनची ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिस्क पूर्ण मेली असेल तर लॅपटॉपचं बिल किंवा खोक्यावरचं लेबल बघा. तिथे बहुधा लिहिलेलं असतं.

विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनेच पेन ड्राइव्ह बनवा, किमान ८ जीबीचा. फर्मवेअरमध्ये की असेल तर सेटअप ती स्वतः वाचतो आणि एडिशनही स्वतःच निवडतो, तुम्हाला काही विचारत नाही. सेटअपने की मागितलीच तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट-की नाही’ हा पर्याय निवडा आणि पुढच्या यादीतून जुनंच एडिशन घ्या. बाकी काम नेट जोडल्यावर होतं.

याची उलटी बाजूही आहे. लॅपटॉप होम घेऊन आला होता, पुढे तुम्ही पैसे भरून प्रो केलं. आता नव्या डिस्कवर सेटअपने फर्मवेअरमधली जुनी की वाचली आणि मुकाट्याने होम टाकलं. ते ॲक्टिव्हेटही झालं, पण तुमचं प्रो कुठे गेलं? ते गेलेलं नाही. प्रोचं डिजिटल लायसन्स सर्व्हरवर त्याच मदरबोर्डच्या नावावर आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर (अडचण शोधून सोडवणारं साधन) ते शोधून प्रोवर नेऊ शकतो. दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

‘की-फाइंडर’ने दाखवलेली की म्हणजे तुमची की नव्हे

काळजी घेणारी माणसं इथे फसतात, म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं. डिस्क बदलण्याआधी ते एखादं छोटं सॉफ्टवेअर चालवतात, त्यात दिसलेली २५ अक्षरं वहीत नीट उतरवून घेतात. नव्या डिस्कवर ती घालतात आणि ॲक्टिव्हेशन नाकारलं जातं.

ती २५ अक्षरं नीट बघा. शेवटचा गट ‘३व्ही६६टी’ असेल तर ती प्रोची, आणि ‘८एचव्हीएक्स७’ असेल तर होमची सर्वसामान्य की आहे. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या अगणित मशीन्सवर हीच अक्षरं दिसतात. एडिशन कोणतं हे विंडोजला सांगणं एवढंच तिचं काम. खरी ओळख हार्डवेअरच्या नोंदीत आहे. तेव्हा वहीतली ही की चालली नाही म्हणजे लायसन्स खोटं होतं, असा अर्थ काढू नका.

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरचंही असंच. त्या की वापरून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. पण ज्या मशीनने त्याआधी विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मिळवलं आहे, त्याचं ते शाबूत आहे. तिथे स्टिकरवरची की घालायची गरजच नाही.

दुसऱ्याने ‘ॲक्टिव्हेट करून’ दिलंय? एकदा तपासा

मावशीचा लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा तक्रार वेगळीच होती, ब्राउझरमध्ये जाहिराती उसळत होत्या. काही महिन्यांपूर्वी डिस्क खराब झाली म्हणून तिने ती एकाकडून बदलून घेतली होती. ‘विंडोजपण टाकून दिलंय, एकदम ॲक्टिव्हेटेड,’ असं त्याने सांगितलेलं. मी स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून स्लॅश, त्याला लागून एक्स-पी-आर असं टाइप करून एंटर दाबलं. छोटी खिडकी आली. तिच्यात ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ असायला हवं होतं. त्याऐवजी व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन संपण्याची एक तारीख होती.

म्हणजे कंपन्यांसाठी असलेलं व्हॉल्यूम प्रो टाकून, वर एक बेकायदा ॲक्टिव्हेटर बसवला होता. असे ॲक्टिव्हेटर मशीनमध्येच एक खोटा केएमएस सर्व्हर (कंपन्या आपल्या मशीन्स ॲक्टिव्हेट करायला वापरतात त्या सर्व्हरची नक्कल) उभा करतात. त्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, आणि उघड्या दारातून बरोबर काय काय आलं हे कुणालाच ठाऊक नसतं. चीड याची आली की मावशीच्या त्याच लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होम सिंगल लँग्वेजची अस्सल, विकत घेतलेली की पहिल्या दिवसापासून होती. तिला कुणी हातच लावला नव्हता.

मी तिच्या फाइल्स बाहेर काढून घेतल्या, डिस्कवरची सगळी पार्टिशन्स पुसली आणि मीडिया क्रिएशन टूलच्या पेन ड्राइव्हने सुरुवात केली. सेटअपने की विचारली नाही. वायफाय जोडलं, चहा होईपर्यंत ॲक्टिव्हेशनच्या पानावर हिरवी खूण आली. ‘म्हणजे माझंच होतं ते?’ मावशीने दोनदा विचारलं.

डिस्क दुसऱ्याकडून बदलून घेतली असेल तर ही एवढी कमांड चालवून पाहाच. फक्त एक लक्षात ठेवा, ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर तारीख दिसणं रीतसर असू शकतं. खरं केएमएस ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि ऑफिसच्या नेटवर्कशी जोडलं की आपोआप वाढत राहतं. अशा मशीनवर ‘एफ०७४’ वर संपणारा कोड आला तर व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणी) जोडून बघा, नाही तर आयटीवाल्यांना कळवा. घरी स्वतःची की घालायला जाऊ नका.

खातं जोडलं नव्हतं

डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडायची सोय २०१६ पासून आहे आणि ती फुकट आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथल्या ओळीत ‘लिंक्ड टु युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ हे शब्द असतील तर झालं. नुसती डिस्क बदलताना याची गरज पडत नाही, पण डिस्कबरोबर मदरबोर्डही बदलला गेला तर हाच धागा उरतो. तेव्हा सहसा ‘एफ२१३’ वर संपणारा कोड येतो, की या उपकरणावर की सापडली नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करा, ट्रबलशूटर चालवा, ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ या अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल ती निवडा, खात्याने आत जा आणि यादीतून आपलं मशीन ओळखून द्या. हा पर्याय विंडोज ॲक्टिव्हेट नसेल तेव्हाच दिसतो, त्यामुळे आधीच शोधू नका. आणि वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलला असेल तर नव्या बोर्डात की घातली आहे का, हे लॅपटॉप ताब्यात घेतानाच विचारा.

ॲक्टिव्हेशन नव्हे, भलतंच

दोन गोष्टी ॲक्टिव्हेशनच्या नावावर खपतात.

एक, घड्याळ. डेस्कटॉप पीसीचा डबा उघडल्यावर मदरबोर्डावरचा बटणासारखा गोल सेल संपलेला असेल किंवा हलला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. ब्राउझरही प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा देत असेल तर आधी तारीख बघा, सेल बदला, मग ॲक्टिव्हेशनकडे या.

दुसरी, निळ्या स्क्रीनवर मागितलेली ४८ आकडी की. ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की आहे. प्रॉडक्ट-की २५ अक्षरांची असते, तिचा इथे काही उपयोग नाही. डिस्क क्लोन करणार असाल (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवणार असाल) तर आधी बिटलॉकर थांबवा किंवा बंद करा आणि ती ४८ आकडी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर ठेवा. होम एडिशनवरही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने हे आपोआप चालू झालेलं असू शकतं.

क्लोन केलेलं विंडोज सहसा ॲक्टिव्हेटेडच राहतं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर नाही म्हणालं तर नेट जोडून थोडा वेळ जाऊ द्या, मग ट्रबलशूटर. जुनी आणि नवी डिस्क एकाच वेळी जोडून ठेवू नका, दोघींची सही (डिस्कची ओळख-खूण) सारखी असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. आणि नव्या डिस्कवर ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ दिसेपर्यंत जुनीला फॉरमॅट करू नका. एडिशन कोणतं होतं हे विसरलात तर ते तिच्यावरच बघायला मिळेल.