कोकणात ॲडव्हेंचर टूरर घेतलीय? उभ्या गाडीच्या या चुका टाळा

मधल्या आकाराच्या ॲडव्हेंचर टूरर गाड्या कोकणात शोभून दिसतात. ऐसपैस सीट, उंच हँडल, लांब सस्पेन्शन, खड्डा आला तरी कंबर शाबूत. श्रीवर्धनपासून रेडीपर्यंत किनारा धरून निघालात तर वेग ताशी ५०-६० च्या वर फारसा जात नाही, त्यामुळे चारशे-पाचशे सीसी पुरून उरतात. तरीही या गाड्यांचे हाल इथेच जास्त होतात. कारण आपली सगळी काळजी पळत्या गाडीची असते: टायर कुठले घ्यावेत, फॉग लाइट किती वॉटचे लावावेत, सायलेन्सर बदलावा का. कोकणात गाडी पडते ती थांबताना किंवा वळवताना आणि सडते ती अंगणात लावलेली असताना.

शोरूमच्या फरशीवर उंची ठरवणं

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. होंडा एनएक्स५०० चंही तेवढंच. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी सेकंड हँड घेतलीत तर २१६. त्यातल्या त्यात हलकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, १६७ किलोची, पण तिचीही सीट ८३५ मिलिमीटरवर. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या दोन्ही टाचा यातल्या कुठल्याही गाडीवर पूर्ण टेकायच्या नाहीत. शोरूममध्ये ते जाणवत नाही. तिथे फरशी सपाट असते, मागे कोणी बसलेलं नसतं आणि टाकी जवळपास रिकामी असते. १७ लिटरची टाकी भरली की बारा-तेरा किलो वजन वाढतं, तेही नेमकं वरच्या बाजूला.

इथल्या गावरस्त्यांची साइडपट्टी पहिल्या दोन पावसांतच वाहून जाते. समोरून एसटी आली, तुम्ही डावीकडे दबून थांबलात, पाय खाली टाकला आणि खाली जमीनच नाही! डांबराच्या कडेपासून वीतभर खोल. या गाड्यांचे वाकलेले क्लच लिव्हर आणि फुटलेले इंडिकेटर बहुतेक अशाच थांब्यांचे असतात. म्हणून थांबायची जागा थांबायच्या आधी बघा. डांबरावरच थांबा, एसटीवाला थोडा चिडला तरी चालेल. डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर ही सवय लावून घ्या. दोन्ही पायांची बोटं टेकवून तोल सांभाळण्यापेक्षा एक अख्खं पाऊल टेकलेलं बरं.

उंची कमी करायला बरेच जण लोअरिंग लिंक, म्हणजे मागचं सस्पेन्शन खाली बसवणारी पट्टी, लावतात. ती बसवली की ग्राउंड क्लिअरन्स जातो, तो वेगळाच. शिवाय मागून गाडी खाली आली आणि साइड स्टँड मात्र पूर्वीचाच लांब राहिला, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे आडवी होते. आधी कंपनीची लो सीट मिळते का बघा, नाहीतर सीटचा फोम कापून घ्या. लिंक बसवायचीच असेल तर स्टँडही तेवढाच कापून वेल्ड करून घ्या.

साइड स्टँडवर आंधळा विश्वास

उन्हाळ्यात सड्यावरचा जांभा लोखंडासारखा टणक असतो. पहिल्या पावसानंतर त्याच्याच शेजारची तांबडी माती स्टँडला अलगद गिळते. लावताना गाडी व्यवस्थित उभी असते. चहा-भजी होऊन परत येईपर्यंत ती गडग्यावर रेललेली सापडते. स्टँडखाली रुंद पट्टी लावून घ्या, पाचशे रुपयांच्या आतबाहेर काम होतं. ती नसेल तर चिऱ्याचा तुकडा किंवा चपटा दगड पुरतो, आणि कोकणात त्याची टंचाई नाही. मुक्कामी पोचल्यावर सारवलेल्या खळ्यात गाडी घेण्याआधी विचारा. सारवण कितीही घट्ट दिसलं तरी स्टँडचं टोक त्यात भोक पाडतंच, आणि मग घरच्या आजींचा ओरडा खावा लागतो तो योग्यच असतो.

उतारावर गाडी चढाकडे तोंड करून लावा, पहिल्या गिअरमध्ये. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी स्टँडवरून पुढे घरंगळते. तसं झालं नाही तरी दोनशे किलो मागे ओढून चढावर घेणं एकट्याचं काम नाही. पाखाडीजवळच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेजवळच्या) अरुंद जागेत गाडी वळवायची असेल तर खाली उतरून वळवा. उतरताना आणि ढकलताना आपण गाडीच्या चढाकडच्या बाजूला राहायचं.

जंगलजेटीवर घाई

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ: या फेरीबोटींमुळे, म्हणजे इथल्या भाषेत जंगलजेटीमुळे, किनारी प्रवासातला मोठा वळसा वाचतो. दाभोळची बोट नसती तर दापोलीहून गुहागरला जायला चिपळूणवरून फिरावं लागलं असतं. पण या मोठ्या गाड्यांची खरी परीक्षा याच धक्क्यांवर होते.

ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार जास्त तीव्र असतो आणि एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. तो हिरवा किंवा काळपट दिसला की समजा शेवाळ आहे. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच, एबीएस असला तरी. कारण एवढ्या कमी वेगात बहुतेक एबीएस काम करणं थांबवतात. म्हणून मागे बसलेल्याला वरच उतरवा, त्याने चालत यावं. बोटीवरच्या माणसाने हात केल्याशिवाय उतार धरू नका, म्हणजे मध्ये थांबायची वेळ येणार नाही. पहिला गिअर, क्लच जेमतेम, मागचा ब्रेक हलका, नजर बोटीच्या फळीवर. बोटीची लोखंडी फळी ओली असते, तिच्यावर वळायचं नाही, सरळ चढून आत गेल्यावर वळायचं.

बोटीत चढलं की लोक फोन काढून कठड्याकडे पळतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, साइड स्टँड लावा आणि हँडलला हात ठेवून तिथेच थांबा. मासेमारीची होडी जवळून गेली तरी तिच्या लाटेने बोट हलते. तुमची गाडी शेजारच्या स्कूटरवर आडवी झाली तर ती स्कूटर कोणाची तरी रोजची पोटापाण्याची गाडी असते. पावसाळ्यात बोट चालू आहे की नाही हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. नकाशातल्या ॲपला पाण्याचा अंदाज नसतो.

पुळणीवर गाडी

हे करू नका. रील कितीही चांगली येत असली तरी करू नका. ओल्या पुळणीवर दोनशे किलोची गाडी थांबली की मागचं चाक रुततं, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खारट वाळू चेनच्या कड्यांत, फोर्कच्या सीलमध्ये आणि ब्रेक कॅलिपरमध्ये जाऊन बसते. दोन महिन्यांनी फोर्कमधून तेल गळायला लागतं तेव्हा त्या रीलची आठवणही नसते. आणखी एक कारण आहे, ते गाडीचं नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वाळूखाली हातभर खोल असतं, वरून काहीच दिसत नाही. चाकाच्या वजनाने वाळू दबली की पिल्लांना वर येता येत नाही. सुरूच्या बनाबाहेर गाडी लावा आणि चालत जा.

खाऱ्या हवेकडे दुर्लक्ष

किनाऱ्यावर दोन दिवस राहिलात, गाडी पाण्यात अजिबात घातली नाही, तरी तिच्यावर मिठाचा थर बसलेला असतो. सीटवर बोट फिरवून चाखून बघा, हवं तर. हा थर ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथे सगळ्यात वाईट वागतो: इंजिनच्या कव्हरचे बोल्ट, क्रॅश गार्डचे क्लॅम्प, स्पोकची टोकं, मडगार्डचे स्क्रू. वर्षभर कोणी हात न लावलेला बोल्ट मग पाना लावल्यावर फिरत नाही, तुटतो.

उपाय सोपा आहे, पण लोक तो उलटा करतात. घरी पोचल्यावर आठवडाभराने सर्व्हिस सेंटरला नेऊन प्रेशर मारून घेतात. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगचं आणि चेनचं ग्रीस उडवतं, रेडिएटरच्या पात्या वाकवतं, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरतं. त्याऐवजी मुक्कामाच्या ठिकाणीच रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी वरून ओता, तेवढं पुरतं. फक्त ते पाणी कुठलं आहे ते विचारा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच बोअरवेलचं पाणी मचूळ असतं, आणि त्या पाण्याने धुतलेली गाडी न धुतल्यातच जमा. गोड्या विहिरीचं पाणी बघा.

पावसाळ्याआधी गाडीवर डिझेल-ऑइल मारून देणारे खूप आहेत. गाडी चकाचक दिसते, गंज थांबतो असं वाटतं. ते तेल ब्रेकच्या डिस्कवर जातं आणि रबरी होज, सील, बुश फुगवून मऊ करतं. अँटी-रस्ट स्प्रे घ्यायचाच तर तो फडक्यावर मारून बोल्टांना आणि क्लॅम्पना पुसा. डिस्क आणि टायरच्या जवळही जाऊ देऊ नका.

चेनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. या गाड्यांच्या चेनमध्ये ओ-रिंग किंवा एक्स-रिंग असतात, त्यांच्या आत कारखान्यातलं ग्रीस बंद असतं. पेट्रोलने धुतलं की रिंगा कडक होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, पुसून कोरडी करा. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब लावा आणि रात्रभर तशीच ठेवा. एरवी पाचेकशे किलोमीटरला एकदा चालतं. पावसात आणि किनाऱ्यावर मात्र रोज.

दुसरी चूक रस्त्याकडेच्या गॅरेजात होते. कम्युटर गाड्या हाताळणारा मेकॅनिक चेन सैल बघून प्रामाणिकपणे टाइट करून देतो. लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन उभ्या गाडीवर सैल दिसणं हेच बरोबर असतं. मागे माणूस आणि सामान चढलं, चाक वर गेलं, की ती ताणली जाते. आधीच ताणलेली असेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, आणि ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं. किती ढील हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

सामान आणि घाट

टॉप बॉक्सवर त्याची मर्यादा छापलेली असते, बहुधा पाच ते दहा किलोच्या दरम्यान. येताना त्यात हापूसची पेटी, कोकम आगळाच्या बाटल्या आणि फणस भरला की ताशी ८० ला हँडल थरथरायला लागतं. मग लोक टायर बॅलन्स करून घेतात. जड सामान खाली, पॅनियरमध्ये (बाजूच्या पेट्यांत), दोन्ही बाजूंना सारखं. मागे कोणी बसलं की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा, नाहीतर मागून गाडी बसते आणि तुमचा हेडलाइट आंबोलीच्या वळणावर समोरच्याच्या डोळ्यात जातो.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्या. मासळीच्या गाड्यांमधून गळणारं पाणी वळणांच्या आतल्या बाजूला साचतं, ते तेलकट असतं आणि कोरड्या दिवसातही असतं. वास आला की वेग कमी करा.

आगोटीत गाडी झाकून ठेवणं

बरेच चाकरमानी गाडी गावी ठेवतात आणि थेट गणपतीत काढतात. जूनमध्ये पडवीत लावून निळं प्लॅस्टिक घट्ट बांधलं की काम झालं असं वाटतं. त्या प्लॅस्टिकखाली ओल अडकते आणि उघड्यावरच्या गाडीपेक्षा झाकलेली गाडी जास्त गंजते. पडवी कोरडी असेल तर जुनी सुती चादर बरी. टाकी भरून ठेवा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. टाकी रिकामी असेल तेवढी ओल जास्त. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. उंदरांना सीटखालची जागा आणि एअर फिल्टरचा डबा फार आवडतो, आणि त्यांचा पुढचा घास वायरिंगचा असतो. गाडी भाताच्या कणगीपासून लांब लावा.

बिघाड वाटतो, पण असतो दुसराच

सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर खरखर येते: डिस्कवर रात्रभरात आलेला गंज आहे, दोन-चार वेळा ब्रेक मारला की जातो. दहा किलोमीटरनंतरही खरखर राहिली तर पॅड बघा.

चिखलातून आल्यावर एबीएसचा दिवा जात नाही: चाकाजवळच्या सेन्सरच्या चकतीवर तांबडी माती सुकलेली असते. पाणी ओतून ओल्या फडक्याने पुसा आणि थोडं चालवा.

गणपतीत गाडी काढली, चार किलोमीटर नीट चालली आणि बंद पडली, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली: पेट्रोल पंपाला शिव्या देण्याआधी टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर टाकीची श्वासनळी तुंबली आहे, बहुतेक वेळा कुंभारमाशीने तिच्या टोकात मातीचं घर केलेलं असतं. बारीक तार घालून मोकळी करा.

इंजिन न्यूट्रलमध्ये झकास चालतं, गिअर टाकला की गपकन बंद: साइड स्टँड वर घेतलेला असूनही गाडीला तो खालीच आहे असं वाटतं. स्टँडच्या सांध्याजवळच्या स्विचमध्ये चिखल आणि मीठ साचतं. पाण्याने धुवा, स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, बहुतेकदा तेवढ्याने चालू होतं. नाही झालं तर त्या स्विचचा कनेक्टर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का बघा.