अख्ख्या घरासाठी कच्च्या आहाराचा एक रविवार: तयारी कशी करावी, काय खावं

कच्च्या आहाराचं नाव काढलं की बहुतेक घरांत काकडी-टोमॅटोच्या चकत्या होतात आणि दुपारी तीनला जो तो बिस्किटांचा डबा शोधत फिरतो. १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी. तेवढ्याच ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे, आणि शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. चौघांची पोटं भरायची तर भार नारळ, दाणे, भिजवलेल्या डाळी, केळी आणि खजूर यांच्यावर टाकायचा. काकडी-गाजर ताटात डाव्या बाजूला असतात, तिथेच राहू द्यावीत.

आधी ठरवा, कच्चं म्हणजे काय

कच्च्या आहारवाल्यांत साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापलेलं ते कच्चं, असं मानतात. या हिशोबाने उन्हात वाळवलेली आमसुलं, मध आणि घाण्याचं तेल चालतं. साखर, गूळ, डाळं, चुरमुरे, भाजलेल्या दाण्यांचं कूट बाद. पोहेही बाद, कारण तुसासकटचं भात गरम पाण्यात भिजवून, भाजून मगच त्याचे पोहे होतात. म्हणजे दडपे पोहे हातचे गेले. बाजारातले ‘कच्चे’ काजूसुद्धा टरफल फोडण्यापूर्वी वाफवलेले किंवा भाजलेले असतात. टरफलातलं तेल कातडी जाळतं, त्याला इलाज नाही. खरे कच्चे काजू म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कोकणात नि गोव्यात मिळणारे ओले काजू.

दही तापवलेल्या दुधाचं असतं, तरी ते ठेवावं असं माझं मत. घर चालवायचंय, परीक्षा द्यायची नाहीये. कच्चं दूध मात्र कधीच नको.

शुक्रवारी रात्री: मटकी भिजत घाला

रविवार निवडा, म्हणजे शाळेच्या डब्याची कटकट नाही. शुक्रवारी रात्री दीड वाटी मटकी किंवा मूग निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजवा. शनिवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात गच्च बांधा आणि चाळणीत ठेवून वर झाकण घाला. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात. ते लगेच धुऊन फ्रिजमध्ये ठेवायचे. थंडीत रविवार सकाळ उजाडते. पुरचुंडीला आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर सरळ टाकून द्या.

मोडांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही लागते, आणि जंतू बियाण्यातच असले तर धुऊन जात नाहीत. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. म्हणून पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्या वाटचे मोड चांगले शिजवूनच द्या. त्यांच्यापुरता नियम मोडला तर मोडला.

शनिवारी संध्याकाळी: बाजार आणि धुणं

दोन मोठे नारळ, डझनभर केळी, पाव किलो खजूर, पपई, लिंबं, काकडी, गाजर, कोथिंबीर, आणि चैत्र-वैशाख असेल तर दोन कैऱ्या. थंडीत कैरीच्या जागी मुळा, ओला मटार, सोलाणे, पेरू. आषाढ-श्रावणात हा बेतच करू नये. त्या दिवसांत पालेभाजीवर चिखल आणि अळ्या असतात आणि पाण्याचाही भरवसा नसतो.

जे कच्चं खायचं ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शेवटचं पाणी पिण्याचं घ्या. कोबीचं एकेक पान सुटं करून धुवायचं. नुसतं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने काम होत नाही. झोपण्यापूर्वी एक वाटी कच्चे शेंगदाणे आणि मूठभर बदाम भिजत घाला.

रविवारी सकाळी

उठल्यावर पहिलं काम, हरभऱ्याची डाळ भिजवणं. दुपारी ती लागणार आहे. नाश्त्याला केळी-पपईच्या फोडी, वर ओलं खोबरं, भिजवलेले बदाम, दोन-दोन खजूर. माणशी दोन केळी धरा, कमी नको. चहाचं काय, हा प्रश्न घरोघरी निघतो. चहा प्यावा.

दुपारचं जेवण: आंबेडाळ, मटकी, सोलकढी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर जी आंबेडाळ देतात, ती फोडणी वगळली तर पूर्ण कच्चीच असते. दीड वाटी डाळ चार-पाच तास भिजली की नखाने सहज तुटते. ती चाळणीत अर्धा तास निथळू द्या. पाणी राहिलं की डाळीचा चिखल होतो. मग तीन-चार हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा आणि मीठ घालून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. डाळ रवाळ राहायला हवी, काही दाणे अर्धवट दिसले तरी उत्तम. त्यात कैरीचा कीस घाला. वाटीभर कीस घालून चव बघायची, कारण प्रत्येक कैरी वेगळी. अर्धी वाटी खोबरं, कोथिंबीर, साखरेऐवजी चमचाभर मध आणि वरून दोन चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल. मोहरी-हिंगाची चरचर नसल्याने पहिला घास थोडा पोरका लागतो, आलं त्याची भरपाई बऱ्यापैकी करतं. कच्ची हरभरा डाळ पोटाला जड, तेव्हा माणशी अर्धी-पाऊण वाटीच वाढा. मुलांसाठी त्याऐवजी तासभर भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरं, लिंबू अशी कर्नाटकातली कोसंबरी करा. ती हलकी असते.

मटकीत कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ आणि भिजवलेले दाणे. गाजराच्या कोशिंबिरीत दही आणि चमचाभर तेल घाला, कारण गाजरातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही.

सोलकढीसाठी आठ-दहा आमसुलं तासभर पाण्यात घाला. एका नारळाचं खोबरं, दोन लसूण पाकळ्या आणि एक मिरची कोमट पाण्यात वाटून गाळा, चोथा पुन्हा वाटून दुसरं दूध काढा. त्यात आमसुलाचं पाणी, मीठ, कोथिंबीर. गॅसवर चढवायची नाहीच, तापवली तर फाटते. कवळी वापरणाऱ्या आजींची दुपार सोलकढी आणि पपईवर निघेल, पण त्यांना मऊ भात हवा असेल तर निमूटपणे लावा.

चार वाजता आणि रात्री

चारला खजूर आणि ओलं खोबरं एकत्र कुटून लाडू वळा. हे त्याच दिवशी संपवायचे, उन्हाळ्यात खोबरं रात्रीपर्यंत आंबतं. रात्री फळं, दही, उरलेली कोशिंबीर.

हे कच्चं नकोच

राजमा सगळ्यात वाईट. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात, मोड आणूनसुद्धा त्यातलं विष जात नाही. वाल-पावटे शिजवूनच. अळू आणि सुरण घसा खाजवतात. कच्चा बटाटा नको, अंडं नको.

रोज का नाही

गांधीजींनी १९२९ मध्ये साबरमतीला अग्नीशिवायच्या अन्नाचा प्रयोग केला होता: मोडाचे गहू, वाटलेले बदाम, पाला, लिंबू, मध. पुढे आमांश झाला आणि त्यांना तो सोडावा लागला. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वजन बरंच उतरलेलं आढळलं, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित किंवा बंद झालेली होती. दूध-दहीही सोडलं तर बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळाच. वाढत्या मुलांना तर रोज असं ठेवूच नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एका दिवसासाठीही आधी डॉक्टरांना विचारावं.

सोमवारी उरलेल्या मटकीची उसळ होते. आंबेडाळीत थोडं तांदळाचं पीठ घालून वडे तळा. फोडणीची हौस राहिली असेल तर उसळीत दुप्पट लसूण घालायला हरकत नाही.