ॲड-इन काढलं तरी बिल उघडलं पाहिजे: एक्सेलची ॲड-इन्स घेताना, बसवताना, सांभाळताना

जिनिंगचं ऑफिस असो, खरेदी-विक्री संघ असो, पतसंस्था असो की तालुक्याचं कृषी केंद्र, हिशोबाचं मुख्य पॅकेज कोणतंही असलं तरी अर्धं काम एक्सेलवरच चालतं. काटा चिठ्ठ्यांची यादी, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, हमाली-तोलाईची वजावट, अक्षरी रक्कम. या कामांसाठी एक्सेलला जोडायची छोटी प्रोग्राम्स मिळतात, त्यांना ॲड-इन म्हणतात. ती निवडायची वेळ पोळ्याच्या आधीची. दसऱ्यानंतर फाटकावर कापसाच्या गाड्या लागल्या की नवीन काही बसवू नये, कारण काही बिघडलं तर तालुक्याहून माणूस यायलाच अर्धा दिवस जातो.

किंमत विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे ॲड-इन उद्या नसलं, तर माझ्या जुन्या फाइलींचं काय होईल? उत्तर दोनपैकी एकच असतं. काही ॲड-इन्स बटण दाबलं की काम करून मोकळी होतात आणि शीटवर साधे आकडे ठेवून जातात. ती गेली तरी फाइल शाबूत राहते. काही मात्र स्वतःचं सूत्र देतात, म्हणजे सेलमध्ये त्यांच्या नावाचं फंक्शन बसतं. ॲड-इन गेलं, मुदत संपली किंवा फाइल सीएच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि सूत्र पुन्हा मोजलं गेलं की आकड्याच्या जागी ‘#नेम?’ ही चूक दिसते. दुसऱ्या प्रकारचं घेऊच नये असं नाही. पण बिल छापून झालं की ते रकाने निवडून कॉपी, मग पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

विकत घ्यायची गरज आहे का?

बऱ्याचदा नसते. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवेत म्हणून पैसे मोजू नका. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, तिथे ॲडिशनल सेटिंग्ज, त्यात डिजिट ग्रुपिंग भारतीय पद्धतीचं निवडलं की काम झालं. दुबार नावं काढायला डेटा टॅबवर रिमूव्ह डुप्लिकेट्स आहे. वीस केंद्रांच्या वीस फाइली एकत्र करायला एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी आतच आहे, डेटा टॅबवर गेट डेटामध्ये. अक्षरी रक्कम, विशेषतः मराठीत, मात्र एक्सेलमध्ये आपसूक येत नाही. बारकोड, ठरावीक नमुन्याची बँक फाइल, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, अशा कामांना ॲड-इन घेणं योग्य.

मशीन आधी बघा

एक्सेल उघडून फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे जा. पहिल्याच ओळीत आवृत्ती आणि शेवटी ३२ बिट की ६४ बिट ते दिसतं. दोन्ही वहीत लिहून घ्या. ऑफिस २०१९ पासून साधारणपणे ६४ बिटच बसतं आणि ३२ बिटसाठी केलेली जुनी ॲड-इन्स त्यावर अडतात. मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलच्या आतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालणारं ॲड-इन असेल (फाइलचं शेपूट डॉट एक्सएलएएम) तर विकणारा थोडी दुरुस्ती करून ते दोन्हींवर चालवू शकतो. डॉट एक्सएलएल किंवा कॉम प्रकारचं असेल तर बिटप्रमाणे वेगळी फाइल किंवा वेगळं सेटअप लागू शकतं, तेव्हा नेमकं विचारा.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये मॅक्रोची ॲड-इन्स चालत नाहीत. लिबरऑफिस या एक्सेलसारख्या फुकट प्रोग्रामवर ती चालतील असा भरवसा ठेवू नका. ऑफिस २०१६ आणि २०१९ ची, तसंच विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हा अशा मशीनसाठी ॲड-इन घेत असाल तर पुढच्या मशीनवर तीच ‘की’ (ॲड-इन सुरू करायचा परवाना क्रमांक) चालेल का, हे आजच लेखी विचारा. आणखी एक, लॅपटॉपसोबत फुकट आलेलं ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिस धंद्याच्या वापरासाठी नसतं. त्यावर परवान्याचं ॲड-इन बसवणं म्हणजे पाया सोडून भिंत रंगवणं.

चाचणीत काय टाकून बघायचं

फुकट चाचणीची मुदत बहुधा दिवसांवर मोजली जाते, वापरावर नाही. म्हणून आधी चाचणीची फाइल तयार करा, मगच ॲड-इन डाउनलोड करा. विक्रेत्याची नमुना फाइल नेहमीच चालते. आपली फाइल अशी बनवा:

अक्षरी रकमेसाठी १९, २९, ४९, ७९, ८९, ९९, मग १,००,०००, १०,०५,०१९, १,००,००,००० आणि ०.५०. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे, तो जोडून बनत नाही. एकोणतीस, एकोणपन्नास असं चालता चालता नव्व्याण्णव येतं. ज्याने शंभर शब्दांची पूर्ण यादी भरली नाही त्याचं ॲड-इन इथेच उघडं पडतं. इंग्रजी अक्षरी रकमेत ‘मिलियन’ आलं तर तेही लगेच दिसेल.

पूर्णांकासाठी हे उदाहरण टाका: कापूस १८.५५ क्विंटल, दर ७,३५० रुपये. रक्कम १,३६,३४२.५० होते. एक्सेलच्या शीटमधलं राउंड ती १,३६,३४३ करतं. मॅक्रोच्या भाषेतलं राउंड अर्ध्या रुपयाला जवळच्या सम आकड्याकडे नेतं, म्हणजे १,३६,३४२. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण बिलावर एक आणि रजिस्टरवर दुसरं आलं की दिवाणजी संध्याकाळभर एक रुपया शोधत बसतो. असा फरक दिसला तर विक्रेत्याला सरळ सांगा: शीटचंच राउंड वापरा.

खाते क्रमांकासाठी सुरुवातीला शून्य असलेला एक आणि सोळा आकडी एक असे दोन टाका. एक्सेल संख्येचे १५ आकडेच धरतं, सोळाव्या जागी शून्य बसवतं. आधीचं शून्य तर गिळूनच टाकतं. रकाना आधी टेक्स्ट केलेला असला तरी ॲड-इनने निकाल दुसऱ्या रकान्यात टाकला की चूक परत होते. शेतकऱ्याचे पैसे भलत्याच खात्यात जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

तारखेसाठी ०५-११-२०२५ आणि १३-११-२०२५. मॅक्रोने तारीख मजकूर म्हणून शीटवर लिहिली तर ती अमेरिकी पद्धतीने वाचली जाते, आणि ५ नोव्हेंबरचा ११ मे होतो. १३ तारीख बरोबर उतरते किंवा मजकूर म्हणून पडून राहते, कारण तेरावा महिना नाही. म्हणून निम्म्या तारखा बरोबर आणि निम्म्या चूक अशी यादी दिसली की कारण हेच समजा.

शेवटी कंट्रोल-झेड दाबून बघा. मॅक्रोने केलेलं काम एक्सेल सहसा मागे घेत नाही, आणि त्याआधीचं मागे घ्यायचंही पुसून टाकतं. बटण दाबायच्या आधी फाइलची प्रत ठेवायची, हे टेबलावर चिकटवून ठेवलं तरी चालेल. संदेशाच्या खिडकीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. मॅक्रोची साधी संदेश-खिडकी देवनागरी दाखवू शकत नाही. शीटवर मजकूर नीट आला की झालं.

परवाना आणि पैसे

परवाना माणशी आहे, मशीनमागे आहे की पूर्ण कार्यालयाला, हे बिलावर लिहून घ्या. ‘भाऊ, कितीही मशीनवर टाका’ हे तोंडी चालत नाही. मशीनला बांधलेली की बहुधा हार्ड डिस्क किंवा नेटवर्क कार्डच्या क्रमांकावर बनते. विजेच्या झटक्याने डिस्क गेली की ती की निकामी. म्हणून दोन गोष्टी विचारा: की किती वेळा नव्याने मिळेल, आणि इंटरनेट नसताना सुरू करायची सोय आहे का. फॉरमॅट मारायच्या आधी ॲड-इनच्या मेनूत जाऊन डीॲक्टिव्हेट करायचं, हे दुरुस्तीवाल्याला आठवण करून सांगावं लागतं. तो विसरतोच.

‘कायमचा’ परवाना म्हणजे त्या आवृत्तीपुरता कायमचा. समजा कायमचा ५,००० रुपयांना आणि वर्षाचा २,००० रुपयांना आहे; अडीच वर्षांनी दोन्ही सारखे पडतात. पण वर्षाच्या पैशात नवीन आवृत्ती मिळत असेल आणि कायमच्यात नसेल, तर हिशोब बदलतो. विंडोजमधून व्हीबीस्क्रिप्ट ही जुनी प्रोग्रामची भाषा टप्प्याटप्प्याने काढायचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. काही मॅक्रो मजकूर शोधायला त्याचाच आधार घेतात. आपलं ॲड-इन घेतं का आणि दुरुस्ती कोण देणार, हे विचारलं की विक्रेता किती पाण्यात आहे ते कळतं.

सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. बिल संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या जीएसटी क्रमांकावर घ्या, नाहीतर इनपुट क्रेडिट सुटलं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळतच नाही, तेव्हा किंमत करासकट धरा. नोंदणीकृत व्यापाऱ्याने परदेशी विक्रेत्याकडून घेतलं तर कर आपणच भरायचा, म्हणजे आरसीएम. हे सीएला त्याच महिन्यात सांगा, मार्चमध्ये नाही. परदेशी पेमेंट अडलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे का ते पाहा, तो बहुधा बंदच असतो. वर्षाची रक्कम आपोआप कापली जाणार असेल तर बँक २४ तास आधी कळवते, आणि १५,००० रुपयांच्या वर ओटीपी लागतो. तो मेसेज ज्या नंबरवर येतो तो नंबर चालू हवा.

ई-मेल आणि नोंदणी संस्थेच्या नावाने करा. ऑपरेटरच्या स्वतःच्या मेलवर की आली आणि तो पुण्याला नोकरीला गेला की ती की त्याच्याबरोबर गेली. की, बिल, आवृत्ती आणि विक्रेत्याचा मेल एका कागदावर छापून फायलीला लावा. परवान्याने घेतलेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी प्रत ठेवायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. चोरीची प्रत माहीत असून वापरली तर मात्र त्याच कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. शिवाय फोडलेल्या ॲड-इनमधून काय आत येतं ते कोणी सांगू शकत नाही. पतसंस्थेच्या मशीनवर तर विषयच नको.

बसवणं

आलेल्या झिप फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, ओके. हे उघडायच्या आधी करायचं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ पासून ऑफिस थेट अडवतं. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि सगळ्या मशीनवर त्याच नावाने करा. एक्सेल सूत्रात ॲड-इनचा पूर्ण पत्ता धरून ठेवतं, पत्ता वेगळा असला की दुसऱ्या मशीनवर सूत्र तुटतं. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी फाइल वाचते, हा वरचा फायदा. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्स इथे फक्त तेवढंच फोल्डर जोडा. ‘सर्व मॅक्रो चालू’ हा पर्याय कोणी सांगितला तरी निवडू नका.

आता एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून टी, मग आय. खिडकी उघडेल, ब्राउझ, फाइल निवडा. ॲड-इन्सच्या फोल्डरमध्ये प्रत करू का असं विचारलं तर नाही म्हणा. टिक दिसली पाहिजे. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. विंडोजवर दुसऱ्या नावाने कोणी बसत असेल तर त्याच्या खात्यात हे परत करावं लागतं.

बंद पडलं तर

टॅब गायब झाला तर आधी अनब्लॉकची टिक, मग ऑल्ट-टी-आय मधली टिक, मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटम्स. एक्सेल उघडत असतानाच लाइन गेली तर पुढच्या वेळी ते विचारतं, या ॲड-इनमुळे अडचण आली होती, बंद करू का? घाईत ‘येस’ दाबलं की ते याच यादीत जातं. अँटिव्हायरसने फाइल उचलली का तेही बघा. सूत्रात लांबलचक पत्ता दिसत असेल तर डेटा टॅबवर एडिट लिंक्स, चेंज सोर्स, आणि आपल्या फोल्डरमधली फाइल दाखवा. एक्सेल उघडतच नसेल तर कंट्रोल दाबून धरून उघडा. सेफ मोडमध्ये नीट उघडलं तर दोष बहुधा ॲड-इनचा, एक्सेलचा नाही.

विक्रेत्याला ‘चालत नाही’ एवढाच निरोप पाठवला की दोन दिवस प्रश्नोत्तरातच जातात. एक्सेलची आवृत्ती व बिट, विंडोज, ॲड-इनची आवृत्ती, चुकीचा पूर्ण फोटो, कोणतं बटण दाबल्यावर झालं, आणि पाच ओळींची नमुना फाइल हे एकदम पाठवा. नमुन्यातून आधार, मोबाइल आणि खाते क्रमांक काढून खोटे आकडे घाला. तो दूरवरून मशीन बघणार असेल तर बँकेचे पान बंद, कोणी समोर बसलेलं, आणि काम झालं की ते दूरचं ॲप काढून टाकायचं. ओटीपी मागितला तर तो विक्रेता नव्हेच.

३१ मार्चच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी ऑल्ट-टी-आय मधली टिक काढा, एक्सेल बंद करून उघडा आणि वर्षाच्या दहा जुन्या फाइली चाळा. ॲड-इन नसताना सूत्राला हात लागला तरच चूक दिसते, म्हणून प्रत्येक फाइलीत कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबा. जिथे ‘#नेम?’ दिसेल ती फाइल सेव्ह न करता बंद करा, नाव वहीत लिहा. टिक परत लावून त्या फाइलीतले आकडे व्हॅल्यूज म्हणून पक्के करा.