परदेशात पैसे स्वस्तात कसे वापरायचे: नागपूरहून निघायच्या आधी करायची कामं

आजकाल आपल्या नागपुरातून लोक भरपूर बाहेर जाऊन राहिले, कोणी थायलंड, कोणी दुबई, व्हिएतनाम, बाली, कोणाची पोरं शिकायला जर्मनीला. तिकिटात दोन हजार वाचवायसाठी पंधरा दिवस साईट बघतात, हॉटेलवाल्याशी घासाघीस करतात आणि पैशाचं काम मात्र "तिथं एटीएम राहतेच ना" म्हणून शेवटच्या दिवसावर टाकून देतात. मग तिकिटात वाचवलेले दोन हजार तिथं जातात, बरेचदा त्याच्या तिप्पट जातात आणि समजतही नाही, कारण या पैशाची वेगळी पावती कोणी देत नाही, तो रेटमध्येच कापलेला असतो. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पहिले पैसा कुठं जातो ते बघा

गूगलवर डॉलरचा जो भाव दिसतो तो मधला भाव, त्या भावात तुम्हाला-मला कोणीच डॉलर देत नाही. देणारा त्याच्यावर स्वतःचं मार्जिन लावतो आणि खरा खर्च म्हणजे हे मार्जिनच. "झिरो कमिशन" असा बोर्ड लावलेला असला तरी मार्जिन रेटमध्ये असतंच, म्हणून बोर्ड वाचायचाच नाही, रेट विचारायचा. समजा गूगलवर डॉलर ९० ला दिसतो आणि शहरातला डीलर ९१.३५ ला देतो, तर हजार डॉलरमागे तुमचे १३५० रुपये गेले, म्हणजे दीड टक्का. हेच एअरपोर्टच्या काउंटरवर ९५ लावले तर पाच हजार गेले. डॉलर तेच, फक्त काउंटर बदललं.

त्यावर थोडा जीएसटी असतो पण तो मामुली आहे, एक लाखापर्यंतच्या रकमेवर ०.१८ टक्के पडतो, कमीत कमी ४५ रुपये, म्हणजे लाखाला १८० रुपये. त्याची चिंता करू नका.

चिंता करायची ती कार्डच्या मार्कअपची, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक वरून लावते त्या जादा टक्क्याची. आपल्या खिशातलं साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, दोन्ही मिळून ४.१३ टक्के. चार जणांच्या फॅमिलीने तिथं दीड लाख रुपये कार्डवर खर्च केले तर ६१९५ रुपये नुसते यात गेले. यात जेवण नाही, फिरणं नाही, काहीच नाही मिळालं.

तिसरी गोष्ट एटीएमची फी. ही दोन्हीकडून लागू शकते, एक तुमची बँक घेते आणि एक तिथल्या मशीनची बँक घेते. थायलंडमध्ये परदेशी कार्डवर प्रत्येक वेळी सव्वादोनशे बाहतच्या आसपास कापतात. म्हणजे तुम्ही हजार बाहत काढले तर २२ टक्के गेले आणि एकदाच वीस हजार काढले तर साधारण एक टक्का. रोज थोडे थोडे काढू ही सवय आपल्याकडे चांगली आहे, तिथं महागात पडते.

तीन आठवडे आधी: कार्ड

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते या एका कामात, म्हणून याला वेळ द्या. झिरो मार्कअपवालं कार्ड काढा. नियो ग्लोबल, स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचं वॉव अशी नावं यात लोकांच्या ओळखीची आहेत, अजूनही आहेत, पण अटी बदलत राहतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या कार्डची चार्जेसची शीट उघडून स्वतः वाचा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: फॉरेन करन्सी मार्कअप खरंच शून्य आहे का, परदेशी एटीएममधून काढायला किती लागतात, आणि परदेशात रुपयांत बिल झालं तर वेगळा चार्ज आहे का. शेवटची ओळ लोक वाचत नाहीत, त्याच्याबद्दल खाली सांगतोच.

पगाराची स्लिप नाही, आई-बाबा रिटायर्ड आहेत, मुलगी कॉलेजात आहे, अशांना क्रेडिट कार्ड मिळत नाही असं धरून बसू नका. एफडी ठेवून मिळणारी कार्डं आहेत, एफडीवर व्याजही चालू राहते. झिरो मार्कअपवालं डेबिट कार्ड असेल तर आणखीच सोपं, त्यातून एटीएमचे पैसेही काढता येतात.

कार्ड घरी येईपर्यंत आठ-दहा दिवस धरा आणि आल्यावर ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर सुरू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त भारतातच चालू असतं, बाहेरचा वापर आपल्यालाच ऑन करावा लागतो, आणि एटीएम, दुकानातली मशीन, ऑनलाईन, टॅप करून पेमेंट, या सगळ्याची बटणं वेगळी असतात. बँकॉकला उतरून हे कळण्यापेक्षा धरमपेठेत चहा पिता पिता करून टाका. लिमिटही तिथंच सेट होते.

दोन कार्डं ठेवा, एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, आणि दोन्ही एकाच पाकिटात नको. नवऱ्याच्या खिशात एक, बायकोच्या पर्समध्ये एक.

फॉरेक्स कार्ड घ्यायचं का?

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परदेशी करन्सी भरून न्यायचं कार्ड. सगळे ट्रॅव्हलवाले हेच विकतात, पण माझं स्पष्ट मत आहे की आठ दिवसांच्या टूरसाठी झिरो मार्कअप कार्ड असताना याची गरज पडत नाही. भरतानाच रेटमध्ये मार्जिन जातं, कार्डची फी, रिलोडची फी, एटीएमची फी वेगळी. फायदा एकच आणि तो खरा आहे: रेट आजच पक्का होतो. पोरगी दोन वर्षं जर्मनीला चालली, तिला युरोचं कार्ड भरून दिलं की रुपया घसरला तरी तेवढ्या पैशापुरतं टेन्शन नाही आणि घरच्या खात्याचं कार्ड तिच्याकडे द्यायची गरज नाही. तिथं जरूर घ्या.

पण यात एक मोठा खड्डा आहे बाप्पा. कार्डमध्ये जी करन्सी भरली त्याच करन्सीत खर्च झाला तरच ते स्वस्त. डॉलर भरले आणि थायलंडमध्ये बाहत खर्च केले की बऱ्याच कार्डांवर क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो आणि तो पुन्हा साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे भरताना एकदा मार खाल्ला आणि वापरताना परत. दुबईवाल्यांना वाटतं की दिरहम डॉलरला बांधलेलाच आहे, १९९७ पासून एक डॉलरला ३.६७२५ दिरहम फिक्स आहे, मग डॉलरचं कार्ड चालेल. चालते, पण चार्ज तरीही लागतो, कार्डच्या सिस्टीमसाठी ती दुसरी करन्सीच आहे. दुबईला जायचं तर दिरहमच भरा.

आठवडाभर आधी: कॅश

कार्डवर सगळं होईल असं नाही. टॅक्सी, रस्त्यावरचं खाणं, छोटी दुकानं, देवळाबाहेरचे स्टॉल, कॅश लागतेच, पण एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा पुरतो असा माझा हिशोब आहे, आणि उतरल्या उतरल्या दोन दिवसांचं भागेल एवढी आपल्याकडे असलीच पाहिजे.

नागपूरहून थेट परदेशी विमानं मोजकीच, दोहा आणि शारजाची, म्हणून आपले बहुतेक लोक मुंबई किंवा दिल्लीवरून जातात आणि करन्सी मुंबईच्या एअरपोर्टवर घेऊ म्हणतात. तीच सगळ्यात महाग जागा. त्याऐवजी सदर, रामदासपेठ, धरमपेठ भागातल्या मनी चेंजरना फोन लावा. तिघांना लावा आणि एकाच तासात लावा, कारण रेट दिवसभर हलतो, सकाळचा एकाचा आणि संध्याकाळचा दुसऱ्याचा अशी तुलना कामाची नाही. विचारताना "डॉलर कितीला?" असं विचारू नका, "हजार डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत टोटल किती रुपये द्यायचे?" असं विचारा, मग जीएसटी, सर्व्हिस चार्ज, डिलिव्हरी सगळं त्यातच येते. मग गूगलचा भाव बघा आणि फरक काढा. डॉलर, युरो, दिरहमला दीड-दोन टक्क्यांच्या आत असेल तर घेऊन टाका. दुसऱ्याचा रेट पहिल्याला सांगितला की तो दहा-वीस पैसे सोडतोच, लाजू नका. शनिवार-रविवार मात्र टाळा, मार्केट बंद असते म्हणून डीलर रेट थोडा चढवूनच ठेवतात.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन न्यावं लागते. पन्नास हजारांच्या वरचं घ्यायचं तर पैसे खात्यातून द्यावे लागतात, रोख चालत नाही. आणि नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी एका ट्रिपला ३००० डॉलरपर्यंतच घेता येते, बाकीचं कार्डवर. ओळखीच्या माणसाकडे दुबईहून आणलेले दिरहम पडले आहेत, तो स्वस्तात देतो म्हणतो, असं होतं बरेचदा. नका घेऊ. रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्याकडूनच घ्यायचं, पावतीसकट, परदेशी चलनासाठीचा फेमा कायदा आहे त्यासाठी. लायसन्सवाल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे.

कोणती करन्सी? युरोप, दुबई, सिंगापूरला तिथलीच न्या. थायलंडसाठी थोडे बाहत इथून न्या, बाकी तिथं. व्हिएतनाम आणि बालीला मात्र इथून डोंग किंवा रुपिया घ्यायच्या नादी लागू नका, मिळाले तरी रेट खराब असतो. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या आणि तिथल्या शहरात बदला. कोऱ्या म्हणजे खरंच कोऱ्या, घडी नाही, शाई नाही, पेनाचा डाग नाही, बालीत तर डाग दिसला की नोट परत करतात किंवा रेट पाडतात. लहान नोटांनाही रेट कमी मिळतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टला वरच्या मजल्यावरच्या बँक काउंटरवर बदलू नका, तळमजल्याच्याही खाली, रेल्वेच्या स्टेशनजवळ मनी चेंजरची काउंटरं आहेत, तिथं रेट बराच चांगला असतो.

ग्रुप टूरने जात असाल तर टूरवाले पॅकेजचा काही भाग डॉलर किंवा युरोत मागतात. तो कोणत्या रेटने धरला ते लिहून मागा आणि बाहेरच्या रेटशी ताडून बघा. आपल्या आई-बाबांच्या पिढीचे लोक हे विचारायला संकोचतात, म्हणून त्यांच्यासाठी तुम्ही फोन करा.

तिथं पोचल्यावर: मशीन विचारते तेव्हा

हा भाग दोनदा वाचा. दुकानात कार्ड घासलं की मशीनवर किंवा दुकानदाराच्या तोंडून प्रश्न येतो, पेमेंट रुपयांत करायचं की इथल्या करन्सीत? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, आपला आकडा ओळखीचा असतो, आणि आपण रुपयांवर बोट ठेवतो. तिथंच फसतो. रुपये निवडले की रेट तुमची बँक नाही लावत, त्या दुकानाच्या मशीनमागची कंपनी लावते, तिच्या मनाचा, आणि तो पाच-सात टक्के वाईट असू शकतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. वरून कित्येक भारतीय बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावर स्वतःचा टक्काभर चार्ज पुन्हा लावतात, झिरो मार्कअप कार्ड असलं तरी. म्हणजे इतकी मेहनत करून कार्ड काढलं आणि एका बटणात ती पाण्यात गेली.

म्हणून उत्तर एकच: तिथली करन्सी. बाहत, युरो, येन, जे असेल ते. दुकानदाराने न विचारता रुपयांत बिल काढलं तर सही करायच्या आधी रद्द करून परत करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त चलाखीने येतो. पैसे काढताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात रुपयांची रक्कम आणि खाली हिरवं "ॲक्सेप्ट" बटण. घाबरू नका, "डिक्लाईन कन्व्हर्जन" किंवा "कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन" दाबा. डिक्लाईन दाबलं म्हणजे पैसे येणार नाहीत असं वाटतं, पण तसं नाही, पैसे येतात, फक्त कन्व्हर्जन तुमच्याकडची बँक करते. खात्याचा प्रकार विचारला तर डेबिट कार्डसाठी सेव्हिंग्ज निवडा.

मशीन शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा, टुरिस्ट चौकातलं एकटं उभं असलेलं नको. शाखा उघडी असतानाच काढलं तर कार्ड अडकल्यावर आत जाऊन विचारता येते. क्रेडिट कार्डने मात्र कॅश काढायचीच नाही, बहुतेक कार्डांवर अडीच टक्क्यांच्या आसपास फी आणि त्याच दिवसापासून व्याज, झिरो मार्कअपचा इथं काही उपयोग नाही.

हॉटेलचं डिपॉझिट आणि भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं की ती रक्कम अडकून पडते आणि सुटायला कधी कधी आठवडे लागतात, तोवर तुमचे खर्चायचे पैसे बंद.

ओटीपीसाठी भारतातल्या सिमवर रोमिंग सुरू ठेवा, डेटा बंद. कार्ड हरवलं तर ॲपमधून लगेच ब्लॉक करा, आणि बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनसकट बॅग गेली तर फोनमधला नंबर काय कामाचा.

यूपीआय काही देशांत चालते. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, २०२४ पासून श्रीलंका आणि मॉरिशस, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटाला. पण सगळ्या दुकानांत नाही आणि ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी सुरू करावं लागते. रक्कम रुपयांत दिसते, तेव्हा दाबायच्या आधी रेट बघून घ्या.

टॅक्स आणि परत आल्यावर

परदेशासाठी वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला कुठं लागते. पण फॉरेक्स कार्ड, कॅश आणि डेबिट कार्डचा खर्च त्यात मोजला जातो, आणि आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेला तर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात. १ एप्रिल २०२५ आधी ही रेषा सात लाखांवर होती. टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत, तिथं बुकिंगच्या वेळीच विचारा. कापलेला टीसीएस बुडत नाही, २६एएस म्हणजे पॅनवरच्या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून पॅन बरोबर दिला का ते बघा. पैसे आईच्या पॅनवर कापले आणि रिटर्न तुम्ही भरता, असा घोळ होऊ देऊ नका.

उरलेल्या नोटा घेऊन आलात तर २००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्याच्या वरचे १८० दिवसांत परत विकावे लागतात. विकताना पुन्हा तीन फोन, कारण खरेदीचा रेट सगळ्यांचा सारखा नसतो. चिल्लर इथं कोणी घेत नाही, ती परतीच्या एअरपोर्टवर पाण्याच्या बाटलीत किंवा चहात संपवून या, आणि फॉरेक्स कार्डमधले उरलेले पैसे वर्षभर तसेच पडू देऊ नका, काही कार्डांवर न वापरल्याचाही चार्ज चालू होतो.