मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढू नका, स्क्रीनशॉट असा घ्या

आमचं चादर-टॉवेलचं काम आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवणं चालूच असतं. मागच्या दिवाळीआधी ऑफिसातल्या एका पोराने चौकड्याच्या चादरीचं डिझाइन मॉनिटरसमोर मोबाईल धरून फोटो काढून एका व्यापाऱ्याला पाठवलं. फोटोत सगळीकडे लाटा लाटा, मरून रंग पार विटकरी झालेला. मॉनिटरचे बारीक ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून त्या लाटा येतात, पण समोरच्याला ते काय माहीत, त्याला वाटलं विणकामच तसं आहे, म्हणाला हा माल नको. मग मी बसून पोराला शिकवलं, तेच इथं सांगतो.

रोजच्या कामाला एकच शॉर्टकट पाठ करा, विंडोज, शिफ्ट आणि एस. विंडोजचं बटण म्हणजे कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे खिडकीचं चिन्ह असलेलं. आधी विंडोज आणि शिफ्ट दाबून धरायचं, मग एस दाबून सगळं सोडायचं. स्क्रीन जरा काळपट होते आणि वर छोटी पट्टी येते. आता माऊसने जेवढं पाहिजे तेवढ्यावरच चौकोन ओढा. आम्ही फक्त चादरीचा भाग घेतो, बाजूचे रेट आणि दुसऱ्या पार्टीची नावं त्यात येऊ द्यायची नाहीत. माऊस सोडला की फोटो कॉपी झालेला असतो, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर चॅट उघडून कंट्रोल व्ही मारा, झालं. मधे दुसरं काही कॉपी केलं की कंट्रोल व्हीला तेच येतं, म्हणून घेतला की लगेच पेस्ट करा.

पूर्ण स्क्रीन पाहिजे असेल तर विंडोज आणि प्रिंट स्क्रीन. हे बटण वरच्या ओळीत उजवीकडे असतं, प्रिंट एससी किंवा पीआरटी एससी असं लिहिलेलं. लॅपटॉपवर काहीच झालं नाही तर सोबत एफएन लिहिलेलं बटणपण दाबून बघा. हा फोटो आपोआप सेव्ह होतो, पिक्चर्समध्ये स्क्रीनशॉट्स नावाचं फोल्डर असतं तिथं. नुसती समोरची एकच विंडो पाहिजे तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन, पण हा सेव्ह होत नाही, पेंट उघडून पेस्ट करून ठेवावा लागतो. सेव्ह करताना फाइलचा प्रकार पीएनजी ठेवा, जेपीजीत बारीक अक्षरांच्या कडा फुटतात.

मॅकवाल्यांना कमांड, शिफ्ट आणि ४ ने भाग निवडता येतो, ३ ने पूर्ण स्क्रीन, फाइल डेस्कटॉपवर पडते.

ऑनलाइन पैसे भरताना मात्र मी पूर्ण स्क्रीनचाच घेतो, कारण कोपऱ्यातली तारीख आणि वेळ त्यात येते. पुतणीची अ‍ॅडमिशन फी भरताना खात्यातून पैसे गेले आणि पावतीचं पान उघडायच्या आधीच लाईट गेली. बरं, त्याच्या आधीच्या पानाचा, ट्रान्झॅक्शन नंबर दिसत होता त्याचा, स्क्रीनशॉट घेतलेला होता, तोच जोडून मेल केला आणि चार दिवसांनी पावती मिळाली.

आणि असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा असेल तर खाते नंबर, आधार नंबर झाकूनच टाका. हायलायटरने किंवा पेनने रेघोट्या ओढून भागत नाही, खालचे आकडे वाचता येतात, मी स्वतः वाचलेत. पेंटमध्ये चौकोन घ्या, आत पूर्ण काळा रंग भरा, मग सेव्ह करून तीच फाइल पाठवा, चुकून आधीची पाठवाल, पाठवायच्या आधी एकदा उघडून बघा.