रुग्णवाहिकेच्या ट्रॅकिंग डेस्कवर नवीन आहात? आधी घड्याळं जुळवा

या डेस्कवर, म्हणजे रुग्णवाहिका कुठे आहेत ते पडद्यावर बघण्याच्या कामावर, नवीन येणारी बरीच मुलं मालवाहतुकीच्या नाहीतर कॅबच्या ताफ्यातून येतात. नकाशा वाचता येतो, जिओफेन्स (नकाशावरची हद्द) आखता येतो, अहवाल काढता येतात. तेवढं येतं असं धरूनच लिहितेय. पण तिथल्या सवयी जशाच्या तशा इथे आणल्यात तर पहिल्याच महिन्यात एखाद्या पायलटवर, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकावर, अन्याय कराल.

ट्रक उभा आणि इंजिन चालू म्हणजे डिझेलची नासाडी. रुग्णवाहिकेचं इंजिन घटनास्थळी चालूच ठेवावं लागतं, आत उपकरणं आणि एसी सुरू असतो. मणक्याला मार लागलेला रुग्ण असेल तर पायलट मुद्दाम सावकाश चालवतो. म्हणून सॉफ्टवेअर चालवण्याच्या पद्धतीला गुण देऊन जो 'ड्रायव्हर स्कोअर' काढतं त्यावरून पायलटची बक्षिसं किंवा कपात ठरवायला माझा ठाम विरोध आहे. तो आकडा केस बघत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात मी स्वतः खूप दिवस अडकले होते. एका सेवेत एका पायलटला नोटीस निघाली: रात्री कॉल मिळाल्यावर गाडी बराच वेळ जागेवरच होती. नकाशा तसंच दाखवत होता. पायलट शपथेवर सांगत होता की मी लगेच निघालो. तो खरं बोलत होता.

गाडीतला ट्रॅकर जागेची माहिती छोट्या छोट्या पॅकेटांत पाठवतो, आणि त्या प्रत्येक पॅकेटला दोन वेळा असतात. एक, उपग्रहाकडून घेतलेली, म्हणजे गाडी त्या ठिकाणी खरोखर असतानाची. दुसरी, ते पॅकेट सर्व्हरवर पोचल्याची. शहरात या दोन्हींत काही सेकंदांचा फरक असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण महाराष्ट्रात १०८ सेवेच्या रुग्णवाहिकांना धडगाव-मोलगीच्या डोंगरात, मेळघाटात, भामरागडच्या जंगलातही जावं लागतं. तिथे नेटवर्क गेलं की ट्रॅकर पॅकेटं स्वतःकडे साठवतो आणि रेंज आली की एकदम सोडतो. एआयएस-१४० या वाहनांतल्या ट्रॅकरसाठीच्या भारतीय मानकाच्या पॅकेटमध्ये यासाठी खास रकाना आहे: थेट आलेल्यावर 'एल', साठवून आलेल्यावर 'एच'. अहवाल जर पोचल्याच्या वेळेवर काढला असेल तर गाडी आधी तासभर गोठलेली आणि मग अचानक वीस किलोमीटर उडालेली दिसते. वाद आला की कच्ची पॅकेटं मागवा, 'एच' शोधा. शेजारीच उपग्रहाचा फिक्स, म्हणजे गाडीची नक्की जागा, मिळाला होता की नाही हेही लिहिलेलं असतं. फिक्स नसेल तर अनेक यंत्रं शेवटची जागाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतात.

एवढ्यावर संपत नाही. उपग्रहाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा १७ जूनला रात्री २ वाजून १० मिनिटांनी गाडीने बेस (तिची नेहमीची थांबायची जागा) सोडला. कच्च्या नोंदीत ते १६ जून, २०:४० असं पडतं. तारीखसुद्धा बदलली! मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या केसेस अशाने आदल्या दिवसात जाऊन बसतात आणि '१७ तारखेला या गाडीची हालचालच नाही' असा अहवाल निघतो.

आणि तिसरं घड्याळ डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत पुढच्या काचेजवळ लावलेल्या कॅमेऱ्याचं. स्वस्त कॅमेऱ्यातली बॅटरी उन्हाने फुगते, मरते, आणि मग वायर हलली की कॅमेरा कारखान्यातल्या जुन्या तारखेवर जातो. उपाय साधा आहे. ड्यूटी सुरू होताना मोबाइलवरची वेळ कॅमेऱ्यासमोर क्षणभर धरायची, आणि फरक दिसला तर तो वहीत लिहायचा. केस चालू असताना घड्याळ दुरुस्त करायचं नाही. त्याने एकाच चित्रणात दोन वेगळ्या वेळा येतात.

हे वाचून घाबरू नका. इंजिनिअर असायची गरज नाही, एक्सेल नीट येत असेल आणि चिकाटी असेल तर पुरे. दोन दिवसांच्या प्रमाणपत्र कोर्सवर मात्र पैसे घालू नका. त्यापेक्षा परवानगी काढून जुन्या पायलटसोबत एक रात्रपाळी गाडीत बसा. कुठल्या वळणावर रेंज जाते, कुठल्या खड्ड्यात कॅमेऱ्याचा धक्का-सेन्सर उगीच पेटतो, हे त्याला तोंडपाठ असतं. तो सेन्सर फार संवेदनशील ठेवला तर प्रत्येक खड्ड्याची फाइल लॉक होते (आपोआप पुसली जात नाही), कार्ड भरतं आणि खऱ्या अपघाताला जागा उरत नाही.

चित्रणाबाबत मात्र मऊ बोलणार नाही. अपघातग्रस्ताची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्याला या कामात ठेवू नये असं माझं मत आहे. रस्ता न देणाऱ्या गाडीची क्लिपसुद्धा वरिष्ठांमार्फत वाहतूक पोलिसांकडेच जायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली रस्ता न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चव्हाट्यावर मांडायची गरजच नाही. आणि प्रकरण कोर्टात जाईल असं वाटलं तर त्या कार्डावर पुढचं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. कार्ड काढा, लिफाफ्यात सील करा, कुणी कुणाकडे कधी दिलं ते लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅशही (फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) नोंदवायची असते. ती कॉपी करतानाच काढून ठेवा.

त्या पायलटची नोटीस कच्ची पॅकेटं समोर ठेवल्यावर मागे घेतली गेली, पण तोवर त्याने बरीच बोलणी खाल्ली होती. तुमच्या डेस्कवरचा अहवाल कुठली वेळ धरतो, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर 'सिस्टीमची वेळ' असं आलं तर तिथेच थांबू नका. कुठली सिस्टीम, तेही विचारा.